तिसऱ्या दिवशी कुदळ

(संस्थेच्या वार्षिक मदतगार मेळाव्यात एका निवृत्त सिस्टरांनी केलेलं भाषण. अनेक वाचकांच्या आग्रहावरून छापत आहोत.)



केनियात घालवलेल्या चौदा दिवसांबद्दल बोलायला मला सांगितलं आहे. सेक्रेटरींनी वीस मिनिटं दिली आहेत आणि समोर घड्याळही ठेवलं आहे. हत्ती पाहिले का, असं सकाळपासून तिघांनी विचारलं. पाहिले. आगगाडीच्या खिडकीतून, लांबून, त्सावोच्या रानात, लाल मातीने माखलेले. हत्तींचा विषय इथे संपला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न आहे. काहींनी तो मला तोंडावर विचारला, काहींनी पाठीमागे. सहा माणसं, माणशी सव्वा लाख, म्हणजे साडेसात लाख रुपये. एवढ्या पैशात वसतिगृहातल्या किती मुलींचं वर्ष निघालं असतं? प्रश्न रास्त आहे आणि बसण्याआधी मी त्याचं उत्तर देणार आहे. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते, म्हणजे ऐकताना तुमचं मन तिथे अडकणार नाही. संस्थेच्या खात्यातला एक रुपयाही या प्रवासाला लागलेला नाही. लावताही आला नसता. धर्मादाय ट्रस्टला आपलं उत्पन्न परदेशात खर्च करायचं तर आयकराच्या कायद्याप्रमाणे खास मंजुरी लागते. जो खर्च झाला तो आम्ही सहाजणांनी आपापल्या खिशातून आणि नातेवाइकांच्या मदतीतून केला. माझा वाटा माझ्या निवृत्तीच्या पैशांतला.

मिशन ट्रिप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातून आपल्याकडे येणारी माणसं उभी राहतात. आता आपणही जाऊ लागलो. मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांतून नेपाळला, आफ्रिकेला, कंबोडियाला तरुण जातात. पण जाण्याच्या बाबतीत सातपुड्यातल्या आम्हां लोकांकडे एक शिक्षण आहे, जे इतरांकडे नाही. आम्ही यजमान राहिलो आहोत. बत्तीस वर्षं मी त्या डोंगरात नर्सिंग केलं आणि त्या काळात किती पाहुणी पथकं आली याची गणती नाही. बस यायची. बॅनर लागायचा. पोरांना उन्हात रांगेत बसवून बिस्किटाचा पुडा आणि जुना फ्रॉक द्यायचे, फोटो निघायचे, आणि चार वाजता बस घाट उतरायची, कारण अंधाराच्या आत शहादा गाठायचं असायचं. मागे उरलेले रॅपर आम्ही वेचायचो. माणसं वाईट नव्हती. त्यांनी प्रेमाने दिलं, काहींच्या डोळ्यांत पाणीही होतं. पण काय हवं आहे हे त्यांनी आम्हांला कधी विचारलं नाही.

आणि एक दातांचे डॉक्टर होते. दरवर्षी आठवडाभर यायचे. यायच्या आधी महिनाभर पत्र यायचं: यंदा काय करू? एका वर्षी आम्ही लिहिलं, यंदा दात नकोत, ऑटोक्लेव्ह बिघडला आहे, तो दुरुस्त करणारा माणूस घेऊन या. ते मेकॅनिकला घेऊन आले आणि स्वतः आठवडाभर ओपीडीत केसपेपर लिहीत बसले. त्या माणसासारखं जाता येत असेल तर जायचं, एवढीच अट मी आमच्या पथकाला घातली होती.

आता आम्ही गेलो कुठे, ते सांगते. केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासा बंदर आहे. तिथून आत तास-सव्वातासावर रबाई नावाचं गाव आहे, नारळ, आंबा आणि काजू यांच्या झाडीतलं. त्या पंचक्रोशीतल्या एका मंडळीचं बोलावणं होतं. तिथले पाळक आणि आमच्या पथकातले तरुण पाळक धर्मशास्त्राच्या कॉलेजात एकत्र शिकलेले.

रबाई हे नाव इथल्या कोणी ऐकलेलं नसेल, पण नाशिकची जी मंडळी समोर बसली आहेत त्यांचं रबाईशी नातं आहे. तुम्ही रोज शरणपूर रोडवरून जाता. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत असे आणि सुटलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवलं जाई. चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ख्रिस्ती वसाहत वसवली होती, तिथे या मुलांसाठी आश्रम होता. तिथे ती लिहावाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या आत मरण पावले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या माणसांत या नाशिकच्या शाळेतले तरुण होते. त्यांच्यातल्या जेकब वेनराइटने तिथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली. पुढे देह किनाऱ्यापर्यंत आणला गेला, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा वेनराइट होता. भूगोलाच्या पुस्तकात लिव्हिंग्स्टन आपण शिकलो. हे शिकलो नाही.

पुढे नाशिकच्या आश्रमातली ही माणसं मोंबासाला परत गेली. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्यांच्यासाठी आणि नव्याने सुटलेल्या गुलामांसाठी १८७५ च्या सुमारास मोंबासासमोर फ्रिअरटाउन वसलं. पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांचं ते नाव. गुलाम पकडणारे येताहेत असं दिसलं की तिथे घंटा वाजवत. घंटेचा बांधीव खांब आजही हमरस्त्याला आहे आणि त्या नाक्याला लोक केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे दोघे नाशिकहून गेलेले, १८८५ साली त्यांना डीकन म्हणून दीक्षा मिळाली. जोन्स रबाईला होते तेव्हा मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा मिळत असे.

त्या जुन्या चर्चपाशी एका वृद्ध सेवकाने मला विचारलं, "नासिक तुमच्यापासून किती लांब?" मी म्हटलं, "एसटीने पाच-सहा तास." त्यांना ते फार जवळ वाटलं. मला मात्र मनात आलं, ही माणसं परत गेली ती चौदा दिवसांसाठी गेली नव्हती.

तयारीबद्दल थोडक्यात, कारण पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि ती निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते. तो दाखला नसेल तर परतताना मुंबई विमानतळावरून तुम्हांला घरी न सोडता वेगळं ठेवू शकतात. लसीचा दाखला पासपोर्टाइतका जपा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलचं. केनियात त्यांच्या कौन्सिलच्या परवानगीशिवाय रुग्णावर उपचार करता येत नाहीत, आणि पाहुणा म्हणून मिळालेल्या प्रवेशपत्रावर काम करता येत नाही. म्हणून आम्ही चौदा दिवसांत एकदाही सुई हातात घेतली नाही. आमच्यातल्या एका भावाला हे लागलं. एवढ्या लांब जायचं आणि बीपीसुद्धा बघायचं नाही? मी त्यांना म्हटलं, माझ्या वॉर्डात उद्या कोणी परदेशी बाई आली आणि आमची भाषा, आमची औषधं, आमचे रुग्ण यांतलं काही माहीत नसताना इंजेक्शनं देऊ लागली, तर मी तिला चहा पाजून बाहेर बसवीन. तो नियम आपल्यालाही लागू आहे.

यजमानांनी कामांची यादी चार महिने आधी पाठवली होती. चर्चच्या छपराचं पाणी टाकीत न्यायचं होतं, त्यासाठी चर खणायचा. सिकलसेल असलेल्या मुलांची नावं तीन वेगवेगळ्या वह्यांत विखुरली होती, त्यांची घरोघर फिरून एक वही करायची. चार वस्त्यांवर अशा मुलांच्या आयांच्या बैठका घ्यायच्या. रविवारी उपदेश एकच, तोही लहान. आणि खाली काय आणू नये ते लिहिलं होतं. जुने कपडे नकोत. तिथे परदेशांतून जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्या येतात, मितुंबा म्हणतात त्यांना, बाजारच्या बाजार त्यावर चालतो, आणि शिंप्यांचं पोट त्याने आधीच मारलं गेलंय. पोरांना वाटायला गोळ्या-चॉकलेट नको. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. म्हणून आज पडद्यावर फोटो कमी आहेत, सेक्रेटरींनी माफ करावं. ते पत्र वाचून मला गहिवरून आलं, कारण आम्ही वर्षानुवर्षं जे बोललो नाही ते त्यांनी सरळ लिहिलं होतं.

भाषेची गंमत सांगायला हवी. स्वाहिलीत दुकानाला दुका म्हणतात, पैशाला पेसा, गाडीला गारी, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला काचुंबारी, आणि चपातीला चपातीच. आपल्या सातपुड्यासारखंच तिथे मक्याचं पीठ रोज पोटात जातं. आपण भाकरी करतो, ते घट्ट मोकळ करून उगाली म्हणतात. पण नात्यांत घोटाळा. त्यांच्याकडे दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. आमच्या पाळकांना पहिल्या दिवशी सगळे काका म्हणत होते, आणि आपण एवढे म्हातारे दिसतो का म्हणून ते हिरमुसले. मला बीबी, म्हणजे आजी. ते बरोबरच होतं.

आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचलो. जिच्या घरी माझी सोय होती ती मंडळीतली वडीलधारी बाई. तिने दोन दिवस आम्हांला ताटावरून उठू दिलं नाही. नारळाच्या दुधातल्या शेंगदाणे-घेवड्याच्या आमट्या, मासे, गोडसर तळलेले पाव. सोमवारी पहाटे दार उघडलं तर अंगणात भिंतीला सहा कुदळी टेकवून ठेवलेल्या. बाई हसून म्हणाली, "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे." पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. तिथली जुनी म्हण आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना दोघे-दोघे पाठवलं, तेव्हा थैली घेऊ नका, एका घरी राहा, पुढ्यात येईल ते खा, असं सांगितलं. त्यावरचे उपदेश मी आयुष्यभर ऐकले. पण पाठवलेला माणूस यजमानाच्या हाताखाली असतो हे मला त्या अंगणात जास्त कळलं.

चर खणला. आराखडा त्यांचा, गवंडी त्यांचा, गावातले पंधरावीस पुरुष बरोबर. आमच्या पुण्याच्या दोन मुलांपेक्षा तिथल्या सत्तरीच्या आजोबांनी जास्त खणलं, हे सांगायलाच हवं. चर तर त्यांनी आमच्याशिवायही खणला असता. ते काम आम्हांला दिलं ते ओळख व्हावी म्हणून.

आता सिकलसेल. हा आजार आपल्याकडे नवा नाही. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, विदर्भात गोंड, परधान, या समाजांत तो घराघरांत आहे. आफ्रिकेतही आहे, आणि कारण एकच: मलेरिया. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा गुण मिळाला त्याला मलेरियाचा जीवघेणा झटका बसण्याची शक्यता कमी होते. म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण पिढ्यान् पिढ्या टिकला. दोघांकडून मिळाला की मात्र रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मूल वेदनेने तळमळतं. मलेरियाचा आणि या गुणाचा हा संबंध अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवला, तो पूर्व आफ्रिकेतल्याच अभ्यासावरून. समुद्राच्या दोन्ही काठांच्या डोंगर-रानातल्या लोकांना एकाच डासाने एकच वारसा दिला आहे.

आमच्या पथकातली सगळ्यांत लहान मुलगी नवापूर तालुक्यातली, मावची. आपल्याच वसतिगृहात वाढली, जी.एन.एम. झाली. घरातल्या गोष्टी बोलल्या जाणार म्हणून नाव घेऊ नका असं तिनेच सांगितलं आहे. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे.

पहिली बैठक आंब्याखाली होती. तीस-बत्तीस आया, मांडीवर पोरं. मागे सायकलींना टेकून काही पुरुष. ही मुलगी मावचीत विचार करते, मराठीत बोलते. आमचे पाळक इंग्रजीत सांगत, त्यांचे पाळक गिरियामात. एका वाक्याला चार घरं फिरावी लागत. तिने दोन वाट्या घेतल्या. प्रत्येकीत एक लाल आणि एक पांढरा घेवड्याचा दाणा. ही वाटी आईची, ही बापाची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचला. दोन्ही पांढरे आले तर मूल मोकळं. एक लाल, एक पांढरा आला तर मूल वाहक, त्याला त्रास नाही. दोन्ही लाल आले तर आजार. मग दाणे परत वाटीत टाकले आणि म्हणाली, पुढच्या बाळाच्या वेळी पुन्हा असंच. चारांत एक म्हणजे एकाला झाला की पुढचे तीन सुटले असं नाही. दर वेळी वाटी पुन्हा भरलेली असते.

हे ऐकून एक बाई उठली. तिची दोन मुलं गेली होती, तिसरं कडेवर होतं. तिने विचारलं, "मग हे माझ्याकडून आलं की त्याच्याकडून?"

हा प्रश्न मी धडगावला, मोलगीला, अक्कलकुव्याला किती बायांच्या तोंडून ऐकला आहे! प्रश्न रक्ताचा नसतो. सासरचे म्हणतात बाई अपशकुनी, दुसरी कर. आमच्या मुलीने उत्तर दिलं नाही. तिने बाईला जवळ बोलावलं, एक वाटी तिच्या हातात दिली आणि दुसरी वाटी हातात धरून मागच्या पुरुषांकडे बघत उभी राहिली. बराच वेळ कोणी हललं नाही. मग एकजण पुढे आला आणि त्याने वाटी घेतली. तो तिचा नवरा होता. दोघांनी डोळे मिटून एकेक दाणा उचलला. दोन्ही हात लोकांसमोर उघडे झाले, दोघांच्याही तळहातावर लाल दाणा. पुढे भाषांतराची गरज पडली नाही.

नंतर त्या मुलीने मोबाइलवर भावाचा फोटो दाखवला. एकोणीस वर्षांचा आहे, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतोय, ओठावर मिशी फुटलेली. फोन हातोहात फिरला. तिथल्या कित्येक आयांनी सिकलसेल असलेलं मूल मिशी फुटेपर्यंत जगलेलं पाहिलंच नव्हतं. एकीने तर तो पडदा बोटाने चाचपून पाहिला.

तिथे सरकारी दवाखान्याचे क्लिनिकल ऑफिसर होते. डॉक्टर आणि नर्स यांच्या मधलं हे पद तिकडे फार महत्त्वाचं. त्यांनी बैठक संपल्यावर मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी एक वाक्य जोड. भारतातल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे त्यांचा आजार बरेचदा सौम्य असतो. इथली मुलं जास्त नाजूक आहेत. भाऊ औषधाने जगला हे सांग, पण इथे लहानपणी पेनिसिलिन आणि मलेरियाची रोजची गोळी चुकली तर मूल हातचं जातं हेही सांग. पुढच्या तिन्ही बैठकांत तिने ते न विसरता सांगितलं. आशा आणि खरं दोन्ही एका ताटात वाढता येतं, ते त्या दोघांकडून मी पाहिलं.

वहीचं काम रूक्ष होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आठ दिवस चालून चालून केलं, स्थानिक आरोग्य सेविकांबरोबर. आपल्या आशाताईंसारख्याच त्या. वही पूर्ण झाली आणि दवाखान्यात ठेवली. रविवारची उपासना तीन तास चालली, नाचगाण्यासह. अर्पणात कोंबडी, नारळ, पपई आली आणि नंतर त्यांचा लिलाव झाला, अगदी आपल्या हंगामाच्या सणासारखा. आमच्या पाळकांनी सात मिनिटांत उपदेश संपवला. इथे तसं होत नाही, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं आहे.

आता पैशाचा प्रश्न. चौदा दिवसांत आम्ही जे काम केलं ते पैशात मोजलं तर साडेसात लाखांचं नव्हतं. त्या रकमेत तिथल्या तिथे माणूस नेमून वही झाली असती, चर झाला असता. हे मी गुळमुळीत करणार नाही. कामासाठी म्हणून जायचं असेल तर जाऊ नका, पैसे पाठवण्याचा कायदेशीर मार्ग शोधा. पण ती दोन वाट्यांची बैठक पैसे पाठवून झाली नसती. माझ्याच्यानेही झाली नसती. माझ्या घरात हा आजार नाही. ती एका मावची मुलीच्याने झाली. आजवर आदिवासी माणूस आपल्या पत्रिकेच्या फोटोत असतो, दान घेणारा. तिथे तो पाठवलेला होता.

म्हणून माझं मागणं असं आहे. पुढच्या पथकात सहापैकी तीन जागा डोंगरातल्या मुलामुलींना हव्यात, आणि त्यांचा खर्च ज्यांना झेपतो त्यांनी वैयक्तिक उचलावा, वसतिगृहाच्या देणगीतून कापून नव्हे. पासपोर्टाची कामं आत्तापासून धरा. जन्माचा दाखला एका स्पेलिंगचा, आधार दुसऱ्या स्पेलिंगचं, यातच आमच्या मुलीचे पाच महिने गेले. आणि दरवर्षी जायचं नाही. तीन वर्षांतून एकदा पुरे.

आम्ही काय आणलं तेही ऐका. तिथल्या आयांचे बचतगट आहेत, चामा म्हणतात. सिकलसेलच्या आयांच्या चामात दर रविवारी वीस शिलिंग पेटीत पडतात, आणि ते पैसे एकाच कामाचे: रात्री मूल तापलं तर मोटरसायकलवाल्याचं भाडं. नवऱ्याला विचारायला, सावकाराकडे जायला वेळ घालवायचा नाही. दुसरं, त्या आया रोज सकाळी मुलाचं तोंड धुताना डाव्या बरगडीखाली बोटं लावून प्लीहा चाचपतात. एकदम वाढलेली लागली आणि मूल फिकट दिसलं की लगेच निघायचं. हे आपल्याकडे आम्ही सांगत होतो, पण तोंड धुण्याशी जोडलं नव्हतं, म्हणून ते राहून जायचं. धडगावकडे तीन पाड्यांवर आता भाड्याची पेटी सुरू झाली आहे, आठवड्याला दहा रुपये. पावसाळ्यात दोनदा उघडावी लागली. दोन्ही मुलं घरी परत आली.

येत्या जानेवारीत रबाईहून दोघी येताहेत. ती घरधनीण, जिने कुदळी ठेवल्या, आणि एक आरोग्य सेविका. पंधरा दिवस त्या पाड्यांवर राहतील. तिकिटांचे पैसे अजून पुरे जमले नाहीत. बाहेर टेबलावर वही आहे, ज्यांना द्यायचं त्यांनी आपल्या नावाने द्यावं. त्या पर्यटक व्हिसावर येतील, त्यावर धर्मोपदेश करता येत नाही, तेव्हा कृपा करून कोणत्याही मंडळीने त्यांना प्रेमापोटी उपदेशाला उभं करू नये. उपासनेला बसतील, गातील, जेवतील. तिखट बेताचं करा. पहिले दोन दिवस त्या पाहुण्या, तिसऱ्या दिवसाचं काम काय द्यायचं ते पाड्यांवरच्या आयांनी ठरवायला घेतलं आहे.

आणि एक. जानेवारीत तोरणमाळकडे दवाचं बर्फ होतं. या बाया समुद्रकाठच्या, त्यांना थंडी माहीत नाही. दोन जाड स्वेटर आणि दोन रजया हव्यात. जुने कपडे नकोत असं मीच मघाशी म्हणाले, पण हे उसने आहेत, फेब्रुवारीत धुऊन परत मिळतील. बटणं शाबूत असलेले द्या.